भिंतीला खिळा न ठोकता

डोंबिवली,
रविवार रात्र

प्रिय सई,

मे महिन्यात तू इथे विसरून गेलेलं पुस्तक उद्या कुरिअरनं निघतंय. तुझ्या आईनं चार वेळा आठवण केली आणि चारही वेळा मी ते पिशवीत घातलं, पण कुरिअरचं दुकान ओलांडून थेट स्टेशनात शिरलो. गाडीत वाचत होतो. मधल्या दोन पानांवर चहाचा डाग पडलाय. गाडीत शेजारच्या काकांचं कोपर लागलं असं सांगणार होतो, पण सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चहाचा कप धरायला हात मोकळा राहतो, यावर तू विश्वास ठेवणार नाहीस. डाग घरचाच आहे.

आता तुझा प्रश्न. कॉलेजात आवडत्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं होतं, तू याच पुस्तकाचं, 'द फ्लॅश: हॉकस पोकस'चं, नाव घेतलंस आणि मॅडम म्हणाल्या, "ते पुस्तक नव्हे, ती मालिकेची जाहिरात. दुसरं काहीतरी निवड." त्या रात्री तू मला फोन केलास, "मामा, खरं सांग, ही खरी पुस्तकं असतात का?" मी 'बघू, सावकाश लिहितो' म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल मामा कामात आहे. कामात नव्हतो. गेली अकरा वर्षं मी रोजच्या मालिकांचे संवाद लिहितोय आणि प्रत्येक लग्नात जेवणाच्या रांगेत कोणीतरी मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतं, "ते मालिकांचं ठीक आहे रे, पण स्वतःचं काही लिहितोस की नाही?" त्यावर हसून पापडाकडे हात नेण्यापलीकडे मला अजून उत्तर सापडलेलं नव्हतं. तुझं पुस्तक वाचताना थोडंसं सापडलं.

आधी पुस्तकाचं अंग बघ. मुखपृष्ठावर सगळ्यात मोठं काय आहे? मालिकेचं नाव आणि ती पिवळी वीज. बॅरी लायगा हे लेखकाचं नाव त्यापुढे बारीक. आणि हा कोणी ऐरागैरा नाही, 'आय हंट किलर्स' हे त्याचं स्वतःचं पुस्तक गाजलेलं आहे. आता पान उलट. हक्काच्या पानावर नाव आहे डीसी कॉमिक्सचं आणि वॉर्नर ब्रदर्सचं. म्हणजे लिहिलं लायगानं, पण त्यातलं एक वाक्यही त्याच्या मालकीचं नाही. या धंद्याची रीतच अशी आहे. प्रकाशक स्टुडिओकडून परवाना घेतो. लेखक आधी कथेचा आराखडा देतो, तो स्टुडिओत वाचला जातो, त्यावर खुणा होऊन परत येतो. मग काही महिन्यांत कादंबरी, तिच्यावर पुन्हा खुणा. पैसे बहुतेक वेळा ठरावीक, रॉयल्टी मिळालीच तर चिमूटभर. आणि अटी: नायक मरता कामा नये, त्याचं लग्न लावायचं नाही, मोडायचंही नाही, मालिकेत जे होणार आहे त्याच्या आड येईल असं काही घडवायचं नाही. पुस्तक संपेल तेव्हा सगळी माणसं जिथे होती तिथे परत उभी पाहिजेत.

भाड्याच्या घरासारखं आहे हे. राहा, स्वयंपाक करा, पाहुणे बोलवा, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि सोडताना घर होतं तसं द्यायचं.

मॅडमचा मुद्दा इथूनच निघतो, आणि तो अगदीच फेकून देण्यासारखा नाही. शेवटी काहीच बदलायचं नसेल तर गोष्ट कसली? पण यावर माझ्याकडे एक ताट आहे, ते ऐक.

तीनेक वर्षांपूर्वी एका वाहिनीवरच्या मालिकेत मी एक काकू लिहीत होतो. घरातल्या सुनेचा छळ करणारी, तुझी आजी जिला टीव्हीसमोर बसून शिव्या द्यायची तीच. मला तिचा कंटाळा आला होता. एका एपिसोडमध्ये मी तिला पश्चात्ताप होऊन रडताना लिहिलं. रात्री साडेअकराला वाहिनीच्या क्रिएटिव्हचा फोन. "सर, सीन मस्त आहे. पण काकू रडणार नाही. तिचा ट्रॅक अजून चार महिने आहे." सकाळी सातचा कॉल टाइम, तयार भागांच्या बँकेत एकही एपिसोड शिल्लक नाही, वाद घालायला वेळ नाही. मी रडणं काढलं. त्याऐवजी लिहिलं की सगळे झोपल्यावर काकू स्वयंपाकघरात येते, न जेवता झोपलेल्या सुनेचं ताट उचलते, त्यावर दुसरं ताट झाकते, फ्रिजमध्ये ठेवते आणि दिवा मालवते. संवाद एकही नाही. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा तशीच खाष्ट. कोणी हरकत घेतली नाही, कारण कथेत काही बदललंच नव्हतं. दोन महिन्यांनी फडके रोडवर तुझ्या मामीची एक मैत्रीण भेटली. मालिकेतलं बाकी काही तिला आठवत नव्हतं. म्हणाली, "ते ताट झाकलं ना तिनं, ते मात्र."

मालिकेवर बेतलेली चांगली कादंबरी अशा ताटांवर जगते.

मागे माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मला 'हीरोज: सेव्हिंग चार्ली' नावाचं पुस्तक मिळालं होतं, ऑरी वॉलिंग्टन या बाईंचं, २००७ च्या अखेरीस आलेलं. 'हीरोज' तू पाहिलेली नाहीस, तुझ्या जन्माच्या आसपासची आहे. २००६ ते २०१०, चार सीझन, पहिला अप्रतिम आणि पुढचे उतरत गेलेले. त्यात हिरो नाकामुरा नावाचा टोकियोतला एक कंटाळलेला ऑफिसबाबू आहे. त्याला काळ थांबवता येतो, काळात मागेपुढे जाता येतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या मिडलंड गावी बर्न्ट टोस्ट नावाच्या साध्याशा खाण्याच्या ठिकाणी त्याला चार्ली भेटते. वेट्रेस. एकदा वाचलेलं ती विसरत नाही; जपानी भाषासुद्धा छोट्याशा पुस्तिकेवरून उचलते. आणि त्याच दिवशी, त्याच ठिकाणी तिचा खून होतो. हिरो ठरवतो, एक दिवस मागे जायचं आणि तिला वाचवायचं. डोळे मिटतो, गायब होतो. त्याचा मित्र आंदो तिथेच बसून राहतो, आणि मग त्याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे जाते. चार्लीच्या वाढदिवसाचा फोटो, सहा महिन्यांपूर्वीचा, आणि त्यात तिच्या शेजारी हिरो.

एक दिवसाऐवजी पोरगा सहा महिने मागे गेलेला असतो.

टीव्हीनं या सहा महिन्यांचं काय केलं? एका एपिसोडमधले तुकडे. त्याच एपिसोडमध्ये बाकीच्या चार-पाच माणसांच्याही गोष्टी सांगायच्या होत्या, मग हिरो आणि चार्लीच्या वाट्याला किती येणार! तिला जपानी येतं, तो तिच्यासाठी कागदाचे हजार बगळे घडी घालून टांगतो, तिच्या डोक्यात रक्ताची गाठ असल्याचं कळतं, ती त्याला आपलं प्रेम सांगते, दोघं जवळ येतात, आणि नेमक्या त्या क्षणी त्याची शक्ती दगा देते, तो थेट टोकियोत जाऊन पडतो. संपलं. मालिका पुढे पळाली, तिला जग वाचवायचं होतं.

वॉलिंग्टनबाई त्या सहा महिन्यांत राहायला गेल्या. तिथे कोणी राहत नव्हतं, मालकाचं लक्षही नव्हतं. टीव्हीवर हिरो जपानीत बोलतो आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात, म्हणून तो कायम थोडा गमतीशीरच वाटतो. पुस्तकात त्याच्या डोक्यात बसायला मिळतं, तिथे तो तोतरा नाही, विदूषकही नाही. परक्या गावात, परक्या भाषेत, जिच्या मरणाची तारीख आपल्याला ठाऊक आहे अशा मुलीच्या प्रेमात पडत चाललेला एक माणूस आहे. वाचकालाही ती तारीख ठाऊक. लेखिकेला तर आराखड्याच्या पहिल्या कागदापासून ठाऊक, की मुखपृष्ठावर 'सेव्हिंग' लिहायचं आणि आतमध्ये वाचवायचं नाही. शेवट हातात नाही म्हटल्यावर सगळा जीव मधल्या दिवसांत ओतावा लागतो.

आपल्याकडे ही कला जुनी आहे. मी सहावी-सातवीत असताना तुझे आजोबा मला कुडाळजवळच्या जत्रांना दशावतार बघायला न्यायचे. आख्यान सगळ्यांना पाठ. दैत्य पहाटेपर्यंत मरणार, हे पुढे बसलेल्या पोरालाही माहीत. पण संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्याउभ्या रचतो. एकदा दैत्याचं काम करणारा नट मरायच्या आधी आईबद्दल असं काही बोलला की आजोबांनी डोळे पुसले, आणि मग दैत्य ठरल्याप्रमाणे मेला. परत येताना चालत आलो तीन किलोमीटर. आजोबा एवढंच म्हणाले, "मराचा तर होताच, पण काय बोललो!"

हिरोचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं, आणि त्यातच या धंद्याची सगळी मजा आणि सगळी क्रूरता आहे. २००९ मध्ये, चौथ्या सीझनमध्ये, मालिकेच्या लेखकांनी हिरोला पुन्हा त्याच बर्न्ट टोस्टमध्ये मागे पाठवलं. या वेळी तो चार्लीच्या खुन्याशीच सौदा करून तिच्या मेंदूतली गाठ काढून घेतो. चार्ली वाचते! लगेच दुसरं संकट तिला उचलून काळात कुठल्या कुठे फेकून देतं, आणि मालिकेच्या शेवटी ती हिरोला भेटते ती म्हातारी होऊन, सबंध आयुष्य जगून झालेली. म्हणजे जे करायला भाडेकरणीला बंदी होती ते मालकानं दोन वर्षांनी एका झटक्यात केलं. वाईट वाटलं का त्या बाईंना? मला वाटलं असतं. पण मी पुस्तक परत काढून वाचलं तेव्हा लक्षात आलं, की मालिकेनं शेवट फिरवला तरी त्या सहा महिन्यांतलं स्वयंपाकघर तसंच आहे. ते कोणी पाडायला आलंच नाही.

बरं, तुझ्या लायगाकडे येतो. त्यानं केलं ते अधिक चलाखीचं आहे आणि मला त्याचा हेवा वाटला. अशा लेखकाचं मोठं दुखणं म्हणजे वेळ. आपण सीझन दोन बघून लिहायला बसतो, पुस्तक छापून दुकानात येईपर्यंत मालिका तिसऱ्या नाहीतर चौथ्या सीझनला पोचलेली असते आणि आपण लिहिलेलं घर तिथे उरलेलंच नसतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी बॅरी अ‍ॅलन, म्हणजे आपला फ्लॅश, काय करतो ते तुला मी सांगायला नको: वडिलांचा खून डोळ्यांदेखत झालेला, भूतकाळात धावत जातो, लहानपणी मेलेल्या आईला वाचवतो आणि सगळा काळ विस्कटून ठेवतो. ते मे २०१६ मध्ये. लायगाचं पुस्तक २०१७ चं. त्यानं काय केलं? त्याचा बॅरी त्या रात्री धावलाच नाही. तीच माणसं, तेच शहर, तीच प्रयोगशाळा, पण आईला वाचवायला न गेलेला बॅरी. मालिका ज्या फाट्यावर डावीकडे वळली, तिथून हा उजवीकडे चालत गेला. आता मालिकेत काहीही होऊ दे, याच्या रस्त्यावर कोणी येत नाही. आणि हे फ्लॅशच्या जगाच्या नियमांत बसतंही, कारण तिथे एकाच काळाचे पन्नास फाटे असतात. मालकाच्याच कायद्यातली पळवाट! मी माझ्या क्रिएटिव्हला असं काही सुचवलं तर ती मला सरळ सुट्टी घ्यायला सांगेल.

आणखी एक गोष्ट पुस्तकातच होऊ शकते. फ्लॅशचा वेग. टीव्हीवर तो दाखवायला पैसे लागतात. विजेचा लोळ, थिजलेले थेंब, हवेत अडकलेली काच, यातला प्रत्येक सेकंद कोणीतरी संगणकावर घडवतं आणि त्याचं बिल येतं. नऊ सीझन, १८४ भाग, त्यातला किती वेळ तो खरोखर धावतो आणि किती वेळ प्रयोगशाळेत उभा राहून सगळ्यांशी बोलतो, ते कधीतरी मोज. कागदावर वेग फुकट आहे. शिवाय कॅमेरा वेग बाहेरून दाखवतो. ज्याला गोळी बंदुकीतून सुटून छातीपर्यंत येईस्तोवर विचार करायला अर्धा तास मिळतो, त्या माणसाला त्या अर्ध्या तासात काय काय आठवत असेल? त्याच्या बायकोचं एक वाक्य संपायची वाट बघताना त्याला किती एकटं वाटत असेल? हे वाक्यांनीच लिहिता येतं. सूझन आणि क्ले ग्रिफिथ या नवराबायकोची 'द हॉन्टिंग ऑफ बॅरी अ‍ॅलन' आहे, २०१६ ची. त्यात बॅरीपुढे एक खंगलेला, आजारी, वयानं मोठा बॅरी येऊन उभा राहतो, काही सावधगिरीचं सांगणार तोच नाहीसा होतो. मग या बॅरीचं शरीर मधूनच जगाला लागेनासं होतं, असून नसल्यासारखं. ती मिळाली तर वाच. पुढचा भाग 'अ जनरेशन ऑफ व्हायपर्स' या नावानं 'अ‍ॅरो' या दुसऱ्या मालिकेवरच्या पुस्तकांत आहे, म्हणजे एक गोष्ट वाचायला दोन पुस्तकं घ्यायची. इथे मात्र मॅडमचा जाहिरातीचा मुद्दा मी निमूटपणे मान्य करतो.

त्यांना आणखीही बरंच द्यायला मी तयार आहे. यातली पुष्कळ पुस्तकं टुकार असतात, पडद्यासाठी लिहून नाकारलेल्या एपिसोडसारखी. पाच पानं नटाच्या चेहऱ्याचं वर्णन, जो चेहरा आपल्याला पाठ आहे. पण टुकार पुस्तकं स्वतःच्या मालकीच्या घरातही लिहिली जातात, त्याची उदाहरणं मी तुला समोर बसून देईन, पत्रात नको.

आणि लहानमोठे सगळे या घरात राहून गेलेत. सी. जे. चेरी ही विज्ञानकथेतली मोठी बाई, दोन कादंबऱ्यांना ह्यूगो पारितोषिक मिळालेली. तिनं १९९६ मध्ये 'लोइस अँड क्लार्क' मालिकेवर सुपरमॅनची कादंबरी लिहिली. 'स्मॉलव्हिल'च्या पहिल्या कादंबऱ्या रॉजर स्टर्न आणि अ‍ॅलन ग्रांट यांनी लिहिल्या, जे मुळात सुपरमॅन-बॅटमॅनची कॉमिक्स लिहिणारे. कॉमिकवरून मालिका, मालिकेवरून कादंबरी, आणि कादंबरी लिहायला पुन्हा कॉमिकवालेच. मालिकांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लोकांनी, म्हणजे टाय-इन लेखकांनी, स्वतःची संघटनाही काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'मी टाय-इन लेखक आहे' असा अर्थ निघतो. मला ते फार आवडलं. लग्नाच्या रांगेत सांगायला बरं.

आता मूळ पुरुष. १९४० मध्ये अमेरिकेत रेडिओवर सुपरमॅनची मालिका सुरू झाली. टीव्ही अजून घरोघरी यायचा होता, म्हणून रेडिओ. त्या मालिकेत निवेदन करणारा आणि संहिता लिहिणारा जॉर्ज लोथर नावाचा माणूस होता, म्हणजे माझ्याच जातकुळीतला. १९४२ मध्ये त्यानं 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' ही कादंबरी लिहिली. चित्रं जो शूस्टरची, ज्यानं सुपरमॅन मुळात काढला. तोवर सुपरमॅनच्या बापाचं नाव इंग्रजीत 'जोर' आणि पुढे जोडून नुसतं एक 'एल' अक्षर, असं लिहायचे. आईचं नाव लोरा. लोथरनं त्या एका अक्षराची दोन अक्षरं केली, म्हणजे इनिशिअलचं आडनाव झालं, घराण्याला नाव मिळालं. देवनागरीत दोन्ही 'जोर-एल'च, त्यामुळे तुला फरक दिसणार नाही, पण इंग्रजीत लिहून बघ. आणि लोराची लारा झाली. कॉमिक्सनी पुढे हीच रूपं उचलली. आज सिनेमात ज्या नावांनी सुपरमॅनच्या त्या आईबापांना हाक मारतात ती एका मालिकेवरच्या कादंबरीतली आहेत, आणि लोथरचं नाव सुपरमॅनच्या टीशर्टवाल्यांपैकी शंभरात एकालाही माहीत नसेल.

म्हणजे कधी कधी खिळा ठोकला जातो, आणि मालकाला तो इतका आवडतो की तो त्यावर आपलाच फोटो टांगतो.

मॅडमशी वाद घालू नकोस. पाच मिनिटं बोलायचीच असतील तर पुस्तकाबद्दल बोलू नको, त्या फाट्याबद्दल बोल: बॅरी आईला वाचवायला धावला नाही तर त्याच्याकडे काय उरतं. पुस्तकाचं नाव शेवटी सांग. तरीही नाहीच म्हणाल्या तर दुसरं निवड, जगात पुस्तकांना तोटा नाही.

'सेव्हिंग चार्ली' पार्सलमध्ये घातलेलं नाही. गणपतीत कुडाळला येशील तेव्हा घेऊन जा, तोवर मी एकदा परत वाचतोय. त्यावर डाग नाहीत, पण आतल्या पानावर कोणीतरी कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्यात आणि तरी ते फुटपाथवर आलं. ती गोष्ट तुला हवी असेल तर तू लिही, तिचे हक्क कोणाकडे नाहीत.

आता झोपतो. उद्या अकराला गोरेगावला मीटिंग आहे. काकूचा ट्रॅक परत आणतायत.

तुझा,
मामा